बोटाला लागलेली अफू

अफूला वास असतो. ज्यांच्या घरात ती कधी आली नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. कडवट, दमट, भिजून वाळलेल्या गोणपाटासारखा. माझ्या वडिलांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला तो कायम असायचा, कारण अफूची कणी ते त्याच दोन बोटांत मळून तिची गोळी करत. राखेनं हात घासले तरी तो जात नसे. लहानपणी त्यांनी मला जवळ घ्यायला हात पुढे केला की मी मान वळवायची. त्यांना ते कळत असणार. ते हात मागे घेत आणि आपलंच नाक खाजवत बसत.

आमचं गाव शनिशिंगणापूरच्या बाजूचं. शिंगणापुरात घरांना दारं नसतात. आमच्या गावात होती, आणि आमच्या घरात त्यांचा पुरेपूर उपयोग होई. वडिलांची गोळी घ्यायची वेळ झाली की आई दार लोटून घ्यायची. तरुणपणी त्यांना पोटशूळ होता. कुणा वैद्यानं अफू सुरू केली. दुखणं गेलं, औषध राहिलं. पुढे सरकारनं अफू बंद केली, पण ज्यांची सुटण्यासारखी नव्हती अशा जुन्या माणसांना डॉक्टरच्या सहीनं परवाना मिळे. त्या परवान्यावर ते तालुक्याला जाऊन आपला वाटा घेऊन येत. गावाला सांगायचं की दम्याचं औषध आणायला गेलेत. गाव काही दूधखुळं नव्हतं. शाळेत पोरी माझ्यापुढे मान टाकून पेंगायचं सोंग करायच्या आणि खिदळायच्या.

दारुड्याची बायको निदान भांडू तरी शकते. आमचा माणूस भांडायचाच नाही. शेत करायचा, बैलांना जीव लावायचा आणि दुपार कलली की ओट्यावर बसल्या बसल्या डुलायचा. त्यांनी कधी कुणाला दुखवलं नाही. म्हणूनच की काय, त्यांची लाज वाटायची तीही उघड बोलता यायची नाही. आई म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची." आमच्या मुठीत काय होतं ते आम्हालाच ठाऊक.

मला बघायला श्रीगोंद्याकडचे पाहुणे यायचे होते, तेव्हा आईनं एक शक्कल काढली. पाहुण्यांपुढे डुलकी लागू नये म्हणून तिनं सकाळची गोळी द्यायचीच नाही असं ठरवलं. झालं उलटंच. पाहुणे पोहे खाईपर्यंत वडिलांना जांभयांवर जांभया सुरू झाल्या, नाकातून पाणी, डोळ्यांतून धार, अंगावर काटा. ते उपरण्यानं डोळे पुसत राहिले. पाहुण्यांपैकी एक म्हातारे गहिवरून म्हणाले, "बापाचं काळीज हाय. लेक जानार म्हनून आत्ताच डोळं भरलं." त्या रडण्यावर माझं लग्न जमलं. मी माजघरात उभी होते. हसावं की रडावं कळेना, पण कानशिलं तापली होती ती आजही आठवतात.

सासर श्रीगोंदा तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात. नवरा साखर कारखान्यात फिटर, सासूबाई एकट्या घर आणि मळा बघणाऱ्या. माणसं चांगली होती, आणि त्याचाच मला धाक होता. वाईट माणसांपुढे माणूस निगरगट्ट होतो. चांगल्यांपुढे मात्र आपलं उघडं पडू नये असं वाटतं. "तुझ्या आण्णांचा दमा कसा हाय?" असं सासूबाई आपुलकीनं विचारायच्या आणि मी म्हणायची, "बरा आहे आता."

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या वर्षीची ही गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मुलगी झाली. आई रोज सकाळी तिला गुटी पाजायची. सहाणेवर माझ्या दुधात हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, एकेकाचे एक-दोन वळसे उगाळायचे आणि ते चाटण बोटानं लेकराच्या तोंडात, टाळूला लावायचं. आमच्याकडे त्यात अफूही असायची, नखावर मावेल एवढीशी, वडिलांच्या डबीतली. नुसत्या आमच्याकडे कशाला, रानात निंदायला जाणाऱ्या कितीतरी बाया आपली लेकरं अशीच निजवून जात. लेकरू झाडाखाली झोळीत झोपलेलं आणि आई खुरपणीला. याला कुणी व्यसन म्हणत नसे. व्यसन फक्त माझ्या वडिलांचं होतं.

तिसरा महिना सरता सरता नवरा मला न्यायला आला. निघायच्या दिवशी पहाटे आईनं गुटी उगाळली. अफूचा तुकडा तिनं सहाणेवर फिरवला, थांबली, आणि आणखी फिरवला.

"आई, पुरे."

"अगं, दोन एसट्या बदलायच्या. लेकरू रडलं तर चारचौघांत जावयाला कसंनुसं हुईल. आन् तिकडं काई बोलू नको बरं. आपलेच दात, आपलेच ओठ."

वडील ओट्यावर बसले होते. मी पाया पडले तेव्हा त्यांनी नातीच्या डोक्याजवळ हात नेला, माझ्याकडे बघितलं आणि हात परत घेतला. मी पदराखाली लेकीला झाकून एसटी गाठली.

नगरपर्यंत मुलगी झोपली, नगरहून पुढेही झोपली. गाडीतल्या बाया कौतुक करत होत्या. "लई गुनाचं लेकरू, बाई. आवाज न्हाई." मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. नवरा खिडकीतून ऊस बघत होता आणि मधून मधून लेकीकडे बघून हसत होता.

दुपारी घरी पोचलो. सासूबाईंनी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकरू हातात घेतलं आणि तिचा मुका घेताना त्यांचे डोळे भरले. त्यांचं ते रडणं खरं होतं. तेवढ्यात मुलगी जराशी कुणकुणली. सासूबाई म्हणाल्या, "थांब, माझी बाय. आता तुला तुझ्या घरची गुटी देते. घरची गुटी पोटात गेली म्हंजी लेकरू घरचं झालं." ही त्यांच्या घरची रीत. नवरा लहान असताना त्यालाही म्हणे याच सहाणेवरची गुटी होती. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या. पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे काय काय उगाळलं ते मला दिसलं नाही. सकाळची गुटी झाली आहे हे सांगावं असं मनात आलं. पण मग गुटीत काय काय घालता, आमच्यात हे घालतात, अशा गोष्टी निघणार. आणि पहिल्याच दिवशी सासूचा हात कशाला धरा? मी गप्प बसले.

मुलगी पुन्हा झोपली. शेजारच्या बाया येऊन बघून गेल्या. माझ्या छातीत दूध दाटलं, पोलकं भिजलं, तेव्हा मी तिला उचललं. तिनं तोंड लावलं नाही. गालाला बोट लावलं तरी तोंड वळवलं नाही. मी तिच्या तळपायाला टिचकी मारली, मग चिमटा काढला. मान मागे कलंडली. श्वास येत होता, पण एक आला की पुढच्याची वाट बघावी लागत होती. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते.

"आत्याबाई!"

सासूबाई धावत आल्या. पहिल्यांदा त्यांनी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मग कांदा ठेचून नाकाशी धरला, तोंडावर पाणी मारलं. लेकरू हललं नाही. नवरा कारखान्याकडे पळत गेला आणि तिथली जीप घेऊन आला. सरकारी दवाखाना जवळच होता.

तिथला डॉक्टर पोरसवदा होता, नुकताच शिकून लागलेला. त्यानं बाळाची पापणी वर केली. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झालेली मला त्याच्या खांद्यावरून दिसली. ती बाहुली मला नवी नव्हती. वडिलांच्या डोळ्यांत ती मी जन्मभर बघत आले होते. 

"काय दिलंत हिला?"

"काई न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "गुटी. रोजची."

"गुटीत काय होतं?"

सासूबाईंनी एकेक नाव घेतलं. हळकुंड, वेखंड, हिरडा, जायफळ. जायफळाशी येऊन त्या थांबल्या.

"आणखी?"

"आनखी काय असनार?"

डॉक्टरनं मुलीच्या नाकातोंडावर तोंड ठेवलं आणि हलकेच फुंकर घातली. छाती जराशी वर आली. पुन्हा फुंकर. मधेच मान वर करून तो म्हणाला, "हे बघा, मला पोलिसांत जायचं नाही. मेंदूचा ताप असेल तर एक इलाज, अफू असेल तर दुसरा. अफूवरचं इंजेक्शन माझ्याकडे नाही, ते नगरला मिळेल. तिथं न्यायचं की इथंच बसून ताप शोधायचा, ते तुम्ही काय सांगता त्यावर आहे. लवकर बोला."

नवरा भिंतीला टेकून उभा होता. सासूबाई पदर तोंडाशी धरून होत्या. मला तोंड उघडायचं होतं. एक शब्द बोलायचा होता. माझी लेक समोर निळी पडत होती आणि तरीही, आज लिहितानासुद्धा मान खाली जाते, तरीही माझ्या डोळ्यांपुढे वडिलांचा ओटा आला, पेंगायचं सोंग करणाऱ्या पोरी आल्या, आणि भिंतीशी उभा नवरा आता माझ्याकडे कसा बघेल हे आलं. एक फुंकर गेली, दुसरी गेली. मग मी बोलले.

"अफू. माझ्या आईनं पहाटे दिली. जास्तच दिली. माझ्या वडिलांची आहे. ते खातात."

 मग सासूबाई मटकन खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेऊ लागल्या. "आगं पोरी! आदी का न्हाई बोललीस? म्या बी घातली! जुना खडा हुता, जरा उगाळला. माझ्या पोराला बी दिल्ती, म्हनून…"

डॉक्टरनं पुढचं ऐकलंच नाही. त्यानं मुलीला उचललं, आम्हा तिघांना घेऊन जीपमध्ये बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "नगर."

त्या रस्त्याचं मला फार आठवत नाही. डॉक्टर मांडीवर मुलीला घेऊन सारखा फुंकर घालत होता. मधेच दमला की मला म्हणे, "तुम्ही घाला. जोरात नको, गालात मावेल एवढंच वारं." मी घातली. तिच्या तोंडाला गुटीचा वास येत होता, आणि गुटीतून तो दुसरा वास, ज्याच्यापासून मी मान वळवत मोठी झाले. आता त्याच्यावरच तोंड ठेवून मी श्वास देत होते.

ऊन उतरता उतरता नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं मुलीनं कपाळाला आठी घातली, तोंड वेडंवाकडं केलं आणि ती रडली. एसटीत ती रडू नये म्हणून एवढं सगळं केलेलं, आणि आता तिच्या रडण्यासाठी आम्ही तिघं तोंडाकडे बघत उभे होतो. सासूबाईंनी हात जोडले. डॉक्टर म्हणाला, "एवढ्यात निर्धास्त होऊ नका. हे औषध लवकर उतरतं, अफू मागाहून उतरते. पुन्हा गुंगी येईल." तसंच झालं. श्वास पुन्हा मंदावला आणि दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. सासूबाई आणि मी आळीपाळीनं तिच्या छातीवर तळहात ठेवून बसलो.  एकीचा हात निघाला की दुसरीचा तिथं असायचा.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळून आई आली. तिनं काय काय म्हणून स्वतःला दूषणं दिली ते सांगत नाही. सासूबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. म्हणाल्या, "विहीनबाई, दोघींनी मिळून केलंय. एकटीनं रडू नगा." दोन्ही आज्या एकाच खाटेच्या पायाशी बसल्या, खाली मान घालून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरींसारख्या.

घरी परतताना नवऱ्यानं पहिल्यांदा विषय काढला.

"तुझ्या आण्णांना दमा न्हाईच, व्हय?"

"नाही."

त्यानं लेकीचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाला, "मग आमी बघायला आल्तो तवा रडत हुते, ते?"

"त्या दिवशी गोळी दिली नव्हती. अफू उतरली की तसं होतं."

मला वाटलं, आता तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी किती जनांना सांगितलं असंल, सासऱ्याचं काळीज लई मऊ हाय म्हनून." एवढंच. त्यानंतर पुन्हा कधी त्यानं ते काढलं नाही, आणि मला ते कधी विसरता आलं नाही.

सासूबाई मात्र बदलल्या. पुढच्या साली पाऊस गेला. दुष्काळी खडी फोडायच्या कामावर बाया लेकरं घेऊन यायच्या, आणि लेकरं सावलीला गुपचूप झोपलेली असायची. सासूबाई मला घेऊन तिथं जायच्या. झोपलेल्या पोराची पापणी वर करून बघायच्या आणि त्याच्या आईला मोठ्यानं म्हणायच्या, "लाजू नगंस. म्या बी दिल्ती. माझी नात मरता मरता वाचली. दिली असंल तर सांग, नसंल तर देऊ नगं." चारचौघांत हे ऐकताना मी खडीकडे बघत राहायची. मला त्यांच्यासारखं कधी जमलं नाही.

वडिलांचं पुढे काय झालं ते मला आईकडून कळलं. दवाखान्यातून परत जाऊन तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते उठले आणि डबी विहिरीत टाकून आले. दोन दिवसांत त्यांचं अंग थरथरायला लागलं, पोट धरून लोळायला लागले, पाणी ठरेना, हागवण थांबेना. आईनं गाडीत घालून त्यांना तालुक्याला परवान्याच्या डॉक्टरकडे नेलं. तो त्यांना रागावला. "लंगड्याची काठी काढून घेतली तर तो चालायला लागत नाही, पडतो. सोडायची तर माझ्या हातानं, थोडी थोडी करून. आणि असे काही दिवस सोडून पुन्हा एकदम जुनी मात्रा घेतलीत तर मराल. अंगाला ती सवय राहिलेली नसते." तेव्हापासून ते ठरल्या वेळी ठरलेलीच गोळी घेत आणि डॉक्टर ती हळूहळू बारीक करत होता. पूर्ण सुटली नाही, हेही खरं सांगते. पण ओट्यावरचं डुलणं संपलं.

आमच्याकडे मात्र ते येईनात. नवऱ्यानं निरोप पाठवले, सासूबाईंनी पाठवले. "कामं हायती," असं उत्तर यायचं. दुष्काळात कसली कामं?

मुलगी चालायला लागली, तिला दाढा यायला लागल्या, तेव्हा एकदा अचानक आले. वाळून अर्धे झाले होते. घरात येईनात, ओट्यावरच टेकले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. मुलगी कुणाहीकडे जायची. ती दुडदुडत गेली, त्यांच्या मांडीखालचा हात ओढून काढला आणि हिरड्या शिवशिवत होत्या म्हणून त्यांचं बोट धरून तोंडात घालायला गेली. तेच बोट.

वडील किंचाळले. त्यांना तसं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. हात असा हिसडला की पोर मागे बसकण मारून पडली आणि भोकाड पसरलं. सासूबाई बाहेर आल्या, नवरा आला. वडील उठून उभे राहिले. "पानी दे," मला म्हणाले. "साबन दे."

मी तांब्या आणि साबण आणला. दुष्काळाचं पाणी, टँकरचं, भांडं भांडं जपून वापरायचं. मी ओतत राहिले आणि ते हात धूत राहिले. सासूबाई बघत होत्या, पण पाण्यावरून एक अक्षर बोलल्या नाहीत. अंगठा, बोट, नखांच्या कडा. पुन्हा अंगठा, पुन्हा बोट. मग त्यांनी ओला हात माझ्या नाकाखाली धरला.

"बघ गं. वास येतो का?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. मी लहान असल्यापासून मान का वळवते ते त्यांना ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं ते तसेच हात मागे घेत आले होते. मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि दीर्घ श्वास घेतला. साबणाच्या आत कुठेतरी तो वास होताच.

"नाही येत, आण्णा," मी म्हणाले आणि रडणारी लेक उचलून त्यांच्या हातात दिली.